चिकटपट्टीचा कान

नोटीस आली तेव्हा मी कार्यालयात नववीच्या भूगोलाची मुद्रितं तपासत होते आणि शेजारी डबा उघडलेला होता. वांग्याच्या भाजीचं तेल झाकणाच्या कडेला आलं होतं, ते बोटाने पुसत मी फोनवर एकेक पान वर सरकवत गेले. अर्जदार नूरुद्दीन, मयत. वारस, मुलगी हसीना. विषय, वस्तू वाहून नेण्यासाठी व मांडून दाखवण्यासाठी घडीचे खोके. अब्बांच्या खोक्याचं पेटंट कार्यालयातलं नाव एवढं लांब होतं. सुनावणी जूनच्या पहिल्या आठवड्यात, व्हिडिओवर. आक्षेपांच्या खाली त्यांनी पुराव्याचे कागद जोडले होते, एक जपानचं जुनं पेटंट, एक अमेरिकेचं, आणि तिसरा एक फोटो. पुण्याच्या कुणा सहलवाल्याने पानशेतच्या रस्त्यावर काढून आपल्या ब्लॉगवर टाकलेला, जून २०१९ चा. अब्बांचा अर्ज फेब्रुवारी २०२१ चा. फोटोत एक बाई दगडावर बसली होती, हसण्याच्या बेतात. तिच्यापुढे खोकं होतं, झाकण मागे दुमडून टेकू केलेला, पुढची भिंत खाली पाडलेली, आत तीन पायऱ्या आणि पायऱ्यांवर करवंदांचे, जांभळांचे द्रोण. ते अब्बांचं खोकं होतं, यात कुणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. पण मी बघत होते ते उजव्या कडेला. तिथे कोपरापासून खाली एका माणसाचा हात आला होता, एक द्रोण सरळ करणारा. बाही दोनदा दुमडलेली. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. अंगठ्याला तपकिरी चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि त्या पट्टीचं टोक तांदळाएवढं आत दुमडलेलं. मी डबा बंद केला. भूक होती, पण तेलाचा वास एकदम अंगावर आला.

त्या दुमडीला अब्बा कान म्हणायचे. पट्टी कापली की तिचं टोक जरासं आतल्या आत दुमडायचं, म्हणजे पुढच्या माणसाला ते नखाने शोधत बसावं लागत नाही. भोरच्या बाजारपेठेतल्या आमच्या दुकानात मिठाईची, बांगड्यांची, चपलांची खोकी व्हायची आणि माझं बालपण त्या एका शब्दात गेलं. कान ठेव. कान ठेवला का? पुठ्ठा कापताना सुरी अंगठ्याखालून जाते, म्हणून ते सकाळी दुकान उघडलं की पहिल्यांदा अंगठ्याला पट्टी लावायचे आणि तिलाही कान ठेवायचे, रात्री काढायला सोपं. मला ते आवडायचं नाही. पुठ्ठा चिकटवायच्या खळीचा आंबूस वास, तिच्यात घातलेल्या मोरचुदाचा निळा डाग, पट्टीखालचा पांढरा, सुरकुतलेला, ओला अंगठा. त्या अंगठ्याने ते मला घास भरवायला आले की मी तोंड फिरवायचे. नऊ महिन्यांपूर्वी ते गेले तेव्हा दवाखान्याने त्यांचे कपडे, चष्मा, घड्याळ सलाईनच्या बाटल्यांच्या खोक्यात घालून, वर पट्टी मारून माझ्या हातात दिलं. मी रिक्षात ते मांडीवर घेऊन पट्टीचं टोक शोधत होते. कान नव्हता. मग खोकं पलंगाखाली गेलं. वास येईल म्हणून मी ते उघडलं नाही, हे मी इथे सरळ लिहिते, कारण या सगळ्यात मला दुसऱ्यांची किळस आली त्याबद्दल पुढे लिहायचं आहे.

आधी किळस आली ती नोटिशीतल्या भाषेची. अधिकाऱ्याने लिहिलं होतं की सदर खोके या क्षेत्रात सामान्य कौशल्य असलेल्या व्यक्तीस सहज सुचेल असे आहे. मी ते वाक्य दिवसभर तोंडात खड्यासारखं फिरवत राहिले. सहज सुचेल. पाच वर्षं एक माणूस रात्रीचं जेवण झालं की ताटाच्या जागी पुठ्ठा घेऊन बसतो, पन्हळी आडवी घ्यायची की उभी यावर स्वतःशी वाद घालतो, बायको मेल्यावर रिकाम्या झालेल्या स्वयंपाकघरात खोक्यात ओल्या चिंध्या भरून रात्रभर ठेवतो आणि सकाळी तळ किती फुगला ते फूटपट्टीने मोजतो. मला फोन करून सांगतो, आज तळाला दुहेरी घडी घातली, रस खाली उतरला नाही. मी हं म्हणते. माझ्या पुढ्यात नद्यांची नावं असतात. मला सहज सुचलं असतं ते एवढंच, हं.

इंद्रजित नावाचा तरुण वकील अब्बांचं हे काम बघत होता. त्याला फोन केला तर तो आनंदात होता. "मॅडम, जपान-अमेरिका सोडा, ते मी उडवतो. अडचण त्या फोटोची आहे. अर्जाच्या आधी वर्षभरात वापरून बघितलं असतं तर चाचणी म्हणून सांभाळून घेता आलं असतं. हा वीस महिने आधीचा आहे. म्हणजे वस्तू लोकांत आली, गुपित राहिलं नाही, संपलं." मी विचारलं, मग? "मग काय, फोटोत दुकानाचं नाव आहे का? नाही. सरांचा चेहरा आहे का? नाही. ती बाई म्हणाली की खोकं तिनेच फळांच्या पेटीतून कापून केलंय, तळ वगैरे साधा आहे, तर आपल्या खोक्याशी संबंध संपला. मी मजकूर पाठवतो. तुम्ही फक्त तिची सही आणा." मी म्हणाले, कडेला एक हात आहे. तो हसला. "कुणाचाही असेल हो. गिऱ्हाईक असेल." तो खरंच बघत होता तो फोटो, मला त्याच्या माऊसचा आवाज ऐकू येत होता, आणि त्याला तिथे एक गिऱ्हाईक दिसत होतं. जगात हा हात ओळखणारं माणूस मी एकटी उरले होते. खोटं बोलायला इतकी सोय कुणाला क्वचितच मिळते.

अब्बांची चूक त्यांच्या धंद्याची होती. त्यांच्या वडिलांपासूनचा दुकानाचा रिवाज, नवं खोकं केलं की चार गिऱ्हाइकांना नुसतं देऊन टाकायचं, एक हंगाम वापरू द्यायचं, आणि ते फाटून, भिजून, मळून परत आलं की मग त्याला खोकं म्हणायचं. तोवर तो नमुना. पेटंटच्या कायद्याला नेमकं उलटं लागतं. आधी कागद, मग माणसं. अब्बांना कुणी हे सांगितलं असतं तरी पटलं नसतं. न वापरलेल्या खोक्यावर नाव कसं लावायचं, असं त्यांनी विचारलं असतं.

मे महिन्यात मी भोरला गेले. झुल्फिकारचाचा, अब्बांचे धाकटे भाऊ, दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले होते. अब्बांच्या चाळिसाव्याच्या दिवशी याच पायरीवर त्यांनी बिर्याणीच्या तिसऱ्या ताटानंतर दातातलं नळीच्या हाडाचं कुसळ काढत मला सांगितलं होतं की कापूरहोळजवळच्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्याचे मालक खोकं घ्यायला तयार आहेत, फक्त पेटंट हातात पडू दे. ते कुसळ त्यांनी बोटावर घेऊन बघितलं आणि पायरीला पुसलं. तेव्हापासून मला चाचा आठवले की पहिल्यांदा ते कुसळ आठवायचं. "आलीस बेटा? चल, गाडी काढलीय. शाईपॅड पण घेतलंय. म्हातारीला सही येत नसली तर?" मी म्हणाले, अजून ठरवलं नाही मी. "ठरवायचं काय त्यात? भाईजाननी आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावाची खोकी केली. ह्याची मिठाई, त्याच्या चपला. एका कागदावर त्यांचं नाव येतंय, सरकारी शिक्क्याचं. तू मुलगी आहेस की आक्षेप घेणारी?" त्यांचा आवाज भरून आला. मला वाईट याचं वाटलं की तो खरोखर भरून आला होता. लोभी माणूस नुसताच लोभी असता तर मला किती बरं झालं असतं.

नसरापूरवरून वेल्हे, मग पाबे घाट उतरून पानशेतचा रस्ता. अब्बा हा रस्ता दर रविवारी जुन्या एम-एटी मोपेडवरून करायचे हे मला ते गेल्यावर कळलं. चाचांनी गाडीत काचा वर करून थंड हवा लावली होती आणि आरशाला अत्तराची बाटली टांगली होती, गुलाबाचं, साखरेसारखं चिकट. घाटात मी दोनदा काच खाली केली. रविवार असल्यामुळे धरणाच्या अलीकडे पुण्याच्या गाड्यांची रांग होती. माणसं कणसं खाऊन बुरकुंडं रस्त्यावर टाकत होती, एक पोरगी जीभ बाहेर काढून जांभळी झालेली दाखवत होती आणि तिची आई तिचा फोटो काढत होती. फोटोतली बाई त्याच दगडावर होती; साळूबाई, हे तिचं नाव चाचांनी आधीच विचारून ठेवलं होतं. पाच वर्षांनी आणखी वाळलेली, डोक्यावरून पदर, हातांना करवंदाचा चीक काळा होऊन बसलेला. पुढे खोकं. जांभळाच्या रसाने तळाशी इतकं काळं झालं होतं की पुठ्ठा आहे की कातडं ते कळत नव्हतं. त्यावर माश्या बसत होत्या. मी नाव सांगितलं तशी ती उठली आणि त्या हातांनी माझा चेहरा धरला. चीक माझ्या गालाला लागला. मी जागची हलले नाही, पण आत काहीतरी मागे सरलं, आणि ते तिला कळलं. तिने हात काढून लुगड्याला पुसले.

"नूरभायची लेक व्हय तू? बुकं वाचती ती? बस. लई सांगायचं तुज्याबद्दल. गेलं म्हनून कळलं मला दोन म्हैन्यानं. येस्टीतल्या मानसानं सांगितलं. तवर मी दर ऐतवारी वाट बघतीया, रुसलं का काय मानूस." चाचांनी कागद पुढे केला, वाचून दाखवला. मी, साळूबाई गेनू निवंगुणे, असे सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की छायाचित्रातील खोके मी स्वतः फळांच्या जुन्या पेटीतून कापून तयार केले. तिने नीट ऐकलं. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. "म्या कापलं? आरं देवा! मला द्रोन टोचाया येत न्हाई सरळ. गेनू आसतं तर मेलं आसतं हसून, आदीच मेलं म्हनून बरं." चाचा म्हणाले, मावशी, नुसतं लिहायचंय, कुणी बघायला येत नाही. "मग आना की. कुठं करू आंगठा? त्येंच्यासाटी खोटं बोलाय माजं काय जातंय? येवडं केलंय मानसानं." तिने अंगठा पुढे केला, चिकाने काळा झालेला. त्याला शाईची गरजच नव्हती. चाचांनी पॅड उघडलं. तिची ही तयारी, हा उमाळा, चाचांची लगबग, माश्या, माझ्या गालावरचा चीक, हे सगळं मला एका वेळी नकोसं झालं. कुणाच्या तरी मायेचा असा उपयोग करताना माणूस कसा दिसतो ते मी चाचांच्या काळ्या चष्म्यात बघितलं. त्यात मी दिसत होते.

"पर एक इचारू?" अंगठा तसाच हवेत ठेवून ती म्हणाली. "ह्ये आख्खं म्या केलं आसं लिवलंय. आख्खं न्हाई बाई. पायऱ्या तेवड्या माज्या." चाचांनी विचारलं, कसल्या पायऱ्या? "ह्या. पैल्या सालाला सपाट व्हतं खोकं. मागचं द्रोन दिसायचं न्हाईत गिऱ्हाइकाला. म्या म्हनलं, नूरभाय, शाळंतल्या फोटूत पोरं कशी हुबी करत्यात, बुटकी म्होरं, उंच मागं, तसं करा की. तर मांडीवर हात मारला त्येनी. म्हनलं, साळूबाई, म्या बावळट. फुडच्या ऐतवारी पायऱ्या घालून आनल्या. म्हनलं, ह्येच्यात तुजं नाव घालतो. म्या म्हनलं, माजं नाव खोक्यावं घातलं तर जांभळं इकायची का नाव?" ती पुन्हा हसली. चाचा म्हणाले, "मावशी, उगं काय पण बोलू नका. ह्या गोष्टी इंजिनेराच्या असतात." ती रागावली नाही, फक्त अंगठा खाली घेतला आणि एका पोराला द्रोण बांधून दिला.

मग मला तो फोन आठवला. खरं म्हणजे तो मला आधीपासून आठवत होता, मी त्याच्याकडे बघत नव्हते एवढंच. जानेवारी २०२१. अर्ज इंग्रजीत भरायचा म्हणून अब्बांनी तो माझ्याकडे दिला होता. शोधकाच्या नावाच्या रकान्यात मी त्यांचं नाव लिहिलं, खाली घोषणा होती, प्रथम आणि खरा शोधक. फोनवर ते म्हणाले, "हसीना, ह्यात एका माणसापेक्षा जास्त नावं बसतात का गं?" मी विचारलं, कुणाची? "आहे एक बाई. पानशेतच्या रस्त्याला बसते. थोडं तिचंही आहे." माझ्याकडे त्या दिवशी शंभर पानं द्यायची होती. मी म्हणाले, "अब्बा, कशाला वाढवता? तिची कागदपत्रं, सह्या, कोण आणणार? तुमचंच आहे ते." मग ते म्हणाले, "बरं. तू शिकलेली आहेस." ते टोमणा मारत नव्हते. ते कधीच टोमणा मारत नसत, तेच वाईट होतं. मी शिकलेली होते आणि एका रेघेत एका बाईला खोडून टाकलं होतं, मुद्रितातला जादा स्वल्पविराम खोडावा तसं. इतके महिने मी चाचांच्या कुसळाची किळस करत बसले होते. माझ्या हातालाही काही लागलं होतं आणि ते वाळून इतकं जुनं झालं होतं की कातडीसारखं दिसत होतं.

मी चाचांच्या हातातून कागद घेतला. "राहू द्या, साळूबाई." ती म्हणाली, का गं, खोटं बोलाय भ्याली व्हय? मी म्हणाले, हो. "बरं केलंस," ती म्हणाली, आणि जांभळांचा एक द्रोण माझ्या हातात ठेवला. "पर नूरभायचं नाव लागंल न्हवं?" मी कागदाची घडी केली. परतीच्या घाटात चाचा एकदाच बोलले. "स्वतःच्या बापाचं नाव पुसायला निघालीस." मी द्रोण मांडीवर धरून बसले होते. एकही जांभूळ खाल्लं नाही. रस द्रोणातून झिरपून माझ्या कपड्यांवर उतरत होता, आणि मला वाटलं, खोकं असतं तर उतरला नसता.

सुनावणीला मी दुकानात बसून हजर राहिले, अब्बांच्या कापायच्या टेबलावर, खळीच्या वाळलेल्या पापुद्र्यांवर लॅपटॉप ठेवून. इंद्रजित एका चौकटीत, अधिकारी दुसऱ्यात, तिसऱ्यात मी. अधिकारी मराठी होता, थकलेला, मागे भिंतीवर कॅलेंडर. इंद्रजितला मी आदल्या दिवशी सांगितलं होतं की मी फोटो नाकारणार नाही. तो म्हणाला होता, मग गप्प बसा, मी नाकारतो. त्याने सुरुवात छान केली. छायाचित्र अस्पष्ट, तळ दिसत नाही, सदर वस्तू अर्जातील वस्तूच आहे असे मानण्यास आधार नाही. अधिकाऱ्याने सहज, नियम म्हणून विचारलं, वारसांना काही सांगायचं आहे? इंद्रजितने घाईने नाही म्हटलं. मी म्हणाले, "आहे. ते खोकं आमचंच आहे." इंद्रजितच्या चौकटीत त्याने डोळे मिटले. "आणि कडेला जो हात आहे, तो माझ्या वडिलांचा आहे." अधिकारी म्हणाला, "त्याची गरज नाही, मॅडम. खोकं तेच आहे एवढं पुरे." मी म्हणाले, "असू द्या. लिहून घ्या. आणि त्या तीन पायऱ्या समोर बसलेल्या बाईंच्या आहेत. साळूबाई गेनू निवंगुणे. अर्ज मी भरला होता. त्यांचं नाव मी घातलं नाही. वडील म्हणत होते घाल." तो म्हणाला, "हा आजचा मुद्दा नाही." पण तो टाईप करत होता. एक क्षण त्याने फोटो मोठा करून बघितला असावा, कारण त्याचा चेहरा पडद्याजवळ आला. "हात कशावरून ओळखला?" त्याने विचारलं, अगदी कामाच्या आवाजात नाही. मी कान म्हणजे काय ते सांगितलं. त्याने ऐकलं आणि पुढची तारीख नाही असं म्हणून चौकट बंद केली.

निकाल जुलैच्या शेवटी आला. अर्ज नामंजूर. सदर वस्तू अर्जाच्या वीस महिने आधीपासून लोकांच्या वापरात होती. नवव्या परिच्छेदात होतं, छायाचित्रात उजवीकडे दिसणारा हात मूळ अर्जदाराचा असल्याचे, तसेच खोक्यातील पायऱ्यांची कल्पना छायाचित्रातील महिलेची असल्याचे वारसाने सांगितले; सदर बाब निर्णयासाठी आवश्यक नाही. इंद्रजितने फोन करून कोरडेपणाने सांगितलं की आता हे खोकं कुणालाच आपलं म्हणता येणार नाही, कारखान्यालाही नाही. चाचांनी फोन उचलला नाही. मला वाटलं होतं, हलकं वाटेल. नाही वाटलं. तोंडात तीच चव होती, तेलाची, गुलाबाच्या अत्तराची, न खाल्लेल्या जांभळांची. साळूबाईला मी निकाल वाचून दाखवायला जाणार आहे, ती हसेल आणि मला त्याचंही ओझं वाटेल. खरं बोलल्याने माणूस धुऊन निघत नाही. एवढंच की नवव्या परिच्छेदात ते दोघं शेजारी आहेत, जसे त्या रविवारी होते.

त्या संध्याकाळी मी पलंगाखालून सलाईनचं खोकं ओढलं. वर धूळ बसून पट्टी कडक झाली होती. टोक शोधायला नखाने चहूकडून खरवडलं, शेवटी अंगठ्याचं नख फाटलं तेव्हा ती निघाली. शर्ट घडी न करता कोंबलेला होता. त्याखाली घड्याळ, बंद. झाकण पूर्ण उघडलं तसा वास वर आला, औषधाचा, घामाचा, कोंडून आंबलेल्या कापडाचा, आणि त्या सगळ्याच्या तळाशी खळीचा. मी तोंड फिरवलं नाही.